आठवीचा गणिताचा पेपर आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर ज्यांच्या गळ्यात हार पडले ती मुले दहावी-बारावीची आहेत. त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच. तथापि मंडळाने आम्हास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हाच आम्ही चिटणीसांस सांगून ठेवले होते की, आम्ही बोलणार ते सत्कार झालेल्या मुलांविषयी नव्हे, तर ज्यांचा सत्कार कधी होणार नाही अशा मुलांविषयी बोलणार. आम्ही स्वतः मॅट्रिक, पुढे डी. एड. झालो आणि छत्तीस वर्षे पाचवी ते आठवीच्या मुलांस गणित शिकविले. निम्मी नोकरी कंधार बाजूस झाली व उरलेली, जिल्हा बदलून, उदगीर बाजूस. एवढ्याच अनुभवाच्या बळावर आम्ही बोलणार आहोत. विषय आहे आठवीच्या वार्षिक परीक्षेतील गणिताचा पेपर.

विषय लहान वाटेल. पण आपल्या शिंपी समाजातील किती मुलांचे पुढचे आयुष्य त्या एका पेपराशी येऊन अडले, हे ज्याने त्याने आपापल्या घरात डोकावून पाहावे.

प्रथम नियम काय आहे ते सांगतो, कारण त्याविषयी घरोघरी गैरसमज आहेत. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास नापास करावयाचे नाही असे ठरले. आपल्या राज्यात त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. पुढे २०१९ साली संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस दिली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आठवीची मुले पुन्हा पास-नापासाच्या परीक्षेस बसली. पेपर साठ गुणांचा, उत्तीर्ण होण्यास शेकडा पस्तीस, म्हणजे एकवीस गुण. जो उत्तीर्ण होणार नाही त्यास शाळेने जादा मार्गदर्शन करावयाचे व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यावयाची. तीतही तो राहिला तर मात्र त्यास त्याच वर्गात बसविता येते. परंतु शाळेतून काढता येत नाही! ही शेवटची ओळ आम्ही मुद्दाम मोठ्याने उच्चारीत आहोत. ‘नापास झाला म्हणजे शाळा संपली’ हे आपण आपल्या घरात म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही.

नापास न करण्याचा तो काळ बरा की वाईट, यावर शिक्षकांच्या बैठकीत आम्ही पुष्कळ वाद ऐकले आणि घातलेही. आमचे मत असे की, त्या काळाने मुलींस शाळेत टिकविले हे मोठेच काम झाले. पूर्वी सातवीत गणितात गेलेली मुलगी म्हणजे लग्नाची मुलगी, असा आपल्याकडे सरळ हिशेब होता. कायद्याने मुलीचे वय अठरा सांगितलेले असले तरी मराठवाड्यातील खेड्यांत काय चालते हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. नापासाचा कागदच हाती नसल्यामुळे ती सबब गेली. परंतु दुसरी बाजूही खरी आहे. मूल वर चढत गेले, पण भागाकार खालीच राहिला. ‘असर’ नावाची पाहणी देशातील खेड्यांत होते. तिच्या २०२४ च्या अहवालात तीन आकडी संख्येस एक आकडी संख्येने भागू शकणारी आठवीची मुले शेकडा ४५.८ एवढीच निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांस ६१८ भागिले ६ हे येत नाही. आम्ही तपासलेल्या पेपरांत या उदाहरणाचे उत्तर तेरा असे कितीदा वाचले त्याची गणती नाही. एकशेतीन मधले शून्य मुलाच्या हातून निसटते. सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटावयाचे आणि प्रत्येकास तेरा रुपये मिळाले, तर उरलेले पैसे कोणी खाल्ले, असे विचारले की तोच मुलगा हसतो आणि उत्तर दुरुस्त करितो. त्यास हिशेब येतो. पेपरातला भागाकार येत नाही. या दोहोंमधील अंतराविषयीच आज आम्हास बोलावयाचे आहे.

आपल्या घरांत हिशेब कधी नव्हता असे नाही. आमचे आजोबा निजामी अमलात कपडे शिवीत. वरच्या वर्गांची सरकारी शाळा उर्दूतून चाले. तिचे दार आजोबांनी पाहिले नाही. परंतु पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्यांनी पाठ केली होती. पावकी म्हणजे पावाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनाचा. रुपयाचे सोळा आणे होते, गजाचे चोवीस तसू होते आणि हैदराबादी हाली सिक्क्याचे सात रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत. अशा जगात हे अपूर्णांकांचे पाढे पाठ नसलेला मनुष्य बाजारात नागवला जाई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, १९५८ पासून मीटर आणि किलो येऊ लागले, आणि ते पाढे हळूहळू शाळेतून गेले. शाळेतून गेले; दुकानातून गेले नाहीत. आजही आपला कारागीर छातीच्या मापाचा चौथा हिस्सा तोंडानेच काढतो आणि त्यात शिलाईची माया धरून खडू ओढतो. पन्हा बदलला की कापड किती कमी-अधिक लागेल हे तो गिऱ्हाईक बोलत असतानाच सांगतो. (२०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असेही वाचावे असे आले तेव्हा केवढा गहजब झाला! मुलांस जोडाक्षरांचे ओझे होऊ नये हा मंगलाताई नारळीकर यांच्या समितीचा हेतू चांगला होता. आम्ही जुन्या नावांच्या बाजूचे. पण त्याचे कारण अभिमान नसून पावकी हे आहे. ‘तेरा पाव सव्वातीन’ यास जो ठेका आहे तो दुसऱ्या शब्दांत बसत नाही.)

या ‘तेरा पाव सव्वातीन’ वरूनच आम्हास आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगावयाची आहे. ती सांगण्यास आम्ही पुष्कळ वर्षे कचरलो.

१९८६ साल. सातवीची वार्षिक परीक्षा, गणिताचा शंभर गुणांचा पेपर. त्यात तीन गुणांचे एक उदाहरण होते : एका सदऱ्यास सव्वादोन मीटर कापड लागते, तर तीस मीटर कापडात किती सदरे होतील? आमच्यासमोर उत्तरांचा जो कागद होता त्यावर ‘तेरा पूर्णांक एक तृतीयांश’ असे लिहिलेले होते. आपल्याच समाजातील एका मुलाने रीत काही न मांडता एकच ओळ लिहिली होती : ‘तेरा सदरे होतील, पाऊण मीटर उरेल, त्यात बाळाचे झबले बसेल.’ आम्ही त्यास शून्य दिले. रीत नाही, उत्तर जुळत नाही, वर झबल्याची मस्करी. असा आमचा तर्क. त्या मुलाची बेरीज तेहतीस भरली. दोन गुणांनी तो गेला.

तेरा दुणे सव्वीस, तेरा पाव सव्वातीन, मिळून सव्वाएकोणतीस. तीसमधून वजा जाता पाऊण. तंतोतंत बरोबर! आणि सदऱ्याचा एक तृतीयांश भाग कोणत्या दुकानात शिवला जातो हे आम्हास आजवर कोणी सांगितलेले नाही. चूक उत्तरांच्या कागदाची होती, आणि तो कागद प्रमाण मानणाऱ्या आमची त्याहून मोठी होती. परंतु हे आमच्या ध्यानी आले तेव्हा तीन वर्षे उलटली होती आणि मुलगा मशीनवर बसला होता. वडिलांनी त्यास पुन्हा सातवीत पाठविले नाही. आम्हीही त्यांच्या घरी गेलो नाही. निकालपत्र वाटले, सुटी लागली, आम्ही गावी गेलो.

पुढची हकीकत २०२४ सालची. लातुरास गंजगोलाईच्या एका रस्त्यावर, तेथे सोळा रस्ते फुटतात हे आपण जाणताच, एका लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही गेलो होतो. शेजारच्या बोळात एका कारागिराने ‘गुरुजी’ म्हणून हाक मारली. तोच मुलगा, आता पन्नाशीचा, दोन मशीनींचा मालक. त्याने चहा मागविला. त्याची धाकटी कन्या दुकानाच्या कोपऱ्यात मान खाली घालून ब्लाउजांना हूक लावीत होती. चौकशी करता कळले की, ती आठवीची परीक्षा देऊन बसली आहे, निकाल लागला आहे आणि गणितात सतरा गुण पडले आहेत. जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे म्हणतात. पण जूनमध्ये गणवेशांचे काम येते, तेव्हा बघू, असे तो म्हणाला. ते ‘बघू’ आम्ही ओळखले.

आणि येथेच आम्हास एक गोष्ट दिसली, जी छत्तीस वर्षे शाळेच्या बाजूने पाहताना कधी दिसली नव्हती. वार्षिक परीक्षा असते एप्रिलमध्ये. २०२५ साली तर राज्यभर एकच वेळापत्रक लागून ती ८ एप्रिलपासून २५ एप्रिलपर्यंत चालली. एप्रिल म्हणजे आपल्याकडे ऐन लग्नसराई. पुनर्परीक्षा येते जूनच्या सुमारास, आणि जून म्हणजे शाळेचे गणवेश. शेतकऱ्याच्या मुलास पेरणी आडवी येते, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचे तर दिवाळीपासून चैत्रापर्यंतचे वर्षच कारखान्यावर जाते. त्यांच्या अडचणींविषयी निदान वर्तमानपत्रांत लिहून येते. आपल्या मुलाची अडचण कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण ते मूल घरातच असते, सावलीत बसलेले असते आणि त्याच्या हातात सुई असते. जगातील सगळ्या मुलांच्या अंगावर जूनमध्ये नवा गणवेश चढावा म्हणून आपले मूल त्याच महिन्यात काज-बटण करीत जागते. सकाळच्या शाळेत, पेपराच्या दिवशी, त्याचे डोळे लाल असतात. आम्ही अशा मुलांस वर्गात ‘रात्री सिनेमा पाहिलास काय रे?’ असे विचारून हसलो आहोत. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या शिक्षकाने हे विचारावे!

रोजगार बुडवा असे सांगण्याइतके आम्ही भोळे नाही. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपला निम्मा धंदा नेला. जो हंगाम उरला आहे त्यावरच वर्ष काढावे लागते. आमचे मागणे एवढेच आहे की, पाचवी आणि आठवीच्या मुलास परीक्षेचे ते पंधरा दिवस मशीनपासून दूर ठेवावे. त्या पंधरा दिवसांतील काज-बटणाची मजुरी किती होते याचा हिशेब आम्ही दोन-तीन घरी बसून केला आहे. ती रक्कम नगण्य नाही. पण ज्या मुलास चक्रवाढ व्याज येत नाही त्याचे घर पुढे काय गमावते त्याचाही हिशेब करून पाहा. पिकोची मशीन घ्यावयास कोणी दहा हजार रुपये दरमहा शेकडा तीनाने काढले. सरळ व्याजाने वर्षाचे तीन हजार सहाशे होतात. सावकार तेवढेच सांगतो. व्याजावर व्याज दर महिन्यास चढत गेले तर चार हजार दोनशे अठ्ठावन्नच्या घरात जाते. हा आठवीच्या पुस्तकातील पाठ आहे. त्याच पुस्तकात सूट व कमिशन आहे : आधी शेकडा वीस आणि मग आणखी शेकडा दहा सूट, म्हणजे शंभराची वस्तू सत्तरास नव्हे, बहात्तरास मिळते. बस्त्याच्या दिवशी दुकानदार जी पाटी लावतो तिचा हा अर्थ आपल्या किती घरांत उलगडतो?

त्या मुलीस आम्ही महिनाभर शिकविले. लातुरात नातेवाईक होते, तेथेच मुक्काम ठोकला. शिकवणी दुकानातच, सकाळी गिऱ्हाइके येण्यापूर्वी. एक उदाहरण सांगतो. कंसातील अ अधिक ब यांचा वर्ग ती ‘अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग’ असा लिही. आठवीतील बहुतेक मुले हेच लिहितात आणि आम्ही वर्षानुवर्षे त्यावर लाल फुली मारीत आलो. आम्ही तिला कापडाचा आठ इंची चौकोनी तुकडा कापावयास लावला. एका कोपऱ्यातून पाच इंची चौकोन, समोरच्या कोपऱ्यातून तीन इंची चौकोन. मग विचारले, सगळे कापड संपले काय? तिच्या हातात पाच बाय तीनच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. पंचवीस आणि नऊ चौतीस. कापड होते चौसष्ट. तीस त्या दोन पट्ट्यांत. ती म्हणाली, ‘म्हणजे आम्ही दर वेळी पट्ट्या टाकून देत होतो.’ पुढे तिने ते सूत्र चुकविले नाही. चिंधी टाकून द्यावयाची नसते हे तिला जन्मापासून ठाऊक होते.

पुनर्परीक्षेत तिला चोवीस गुण मिळाले. फार नव्हेत, पण ती नववीत गेली.

निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी आम्हास दुकानाबाहेर येऊन विचारले, ‘गुरुजी, ते तेरा सदरे बरोबर होते ना?’ आम्ही होय म्हणालो. अडतीस वर्षे उशिरा म्हणालो. ते काही बोलले नाहीत, टेप गळ्यात घालून आत गेले.

आता लातूर म्हटले की लोकांस लातूर पॅटर्न आठवतो. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून त्याचे नाव महाराष्ट्रभर गेले. त्या पॅटर्नचे सार आमच्या समजुतीप्रमाणे एवढेच होते की, पुन:पुन्हा सराव परीक्षा घ्यावयाच्या आणि पेपर लगेच तपासून चूक कोठे झाली ते मुलास दाखवावयाचे. ती व्यवस्था अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उभी राहिली. आता नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत आठवीच्या मुलांसाठी पाया पक्का करण्याचे वर्ग निघाले आहेत आणि आपले लोक कर्ज काढून तेथे पैसे भरतात. ज्यास ६१८ ला ६ ने भागता येत नाही त्यास तेथे पुढच्या इयत्तेचे गणित सांगितले, तर पाया कसला पक्का व्हावयाचा? त्यापेक्षा शाळेत जावे आणि मुलाचा तपासलेला पेपर पाहावयास मागावा. आपण गुण विचारतो, पेपर पाहात नाही. बाहीचे माप चुकले तर आपण सदरा उलटा करून शिवण पाहतो. ‘सदरा नापास’ म्हणून फेकून देत नाही. निरक्षर आईने पाहिला तरी चालेल. कोठे फुल्या आहेत आणि कोठे कोरी जागा आहे, हे दिसण्यास अक्षर यावे लागत नाही. कोरी जागा असेल तर मुलास प्रश्नच वाचता आला नाही, फुली असेल तर त्याने प्रयत्न केला आहे. या दोहोंचे औषध निराळे आहे, आणि कोणते द्यावयाचे हे शिक्षकास विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

शिक्षकबंधूंसही एक विनंती आहे. येथे आमच्यासारखे निवृत्त आणि चालू नोकरीतील पुष्कळ बसले आहेत. उत्तरांच्या कागदाशी न जुळणारे उत्तर दिसले तर फुली मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मूल कोणत्या घरातून आले आहे ते आठवावे. रीत नाही म्हणून एक गुण कापा, दोन कापा. पण त्याने जे मनातल्या मनात केले ते काय होते, एवढे त्यास बोलावून विचारा. आम्ही विचारले असते तर त्याने पावकी म्हणून दाखविली असती.

मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, एप्रिलचे परीक्षेचे पंधरा दिवस पाचवी व आठवीच्या मुलांस कामास बसवू नये असा ठराव आजच्या सभेत व्हावा, आणि तो नुसता इतिवृत्तात न राहता दोन्ही शहरांतील आपल्या दुकानांतून लागावा. दुसरी, पुढच्या वर्षीच्या सत्कारात पुनर्परीक्षा देऊन वर गेलेल्या मुलांसही बोलवावे; हार नको, एक वही आणि कंपासपेटी पुरे. काही जण म्हणतील की, नापास झालेल्याचा सत्कार कसला? त्यांनी आम्हास खुशाल बोल लावावा. तिसरी सूचना मंडळास खर्चात पाडणारी नाही. निकालानंतर ज्यांच्या मुलांचे गणित राहिले असेल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. नांदेडास आमच्या राहत्या घराच्या ओसरीवर आम्ही मे महिन्यापासून रोज सकाळी सात ते नऊ बसणार आहोत. लातूरसाठी आमचे एक निवृत्त सहकारी तयार झाले आहेत. शुल्क नाही. मुलाने पाटी-पेन्सिल आणि आपला तपासलेला पेपर आणावा. आणि घरात टेपची जुनी पट्टी पडली असेल तर तीही आणावी.